लाकूड म्हैसूरचं, कमाई परदेशाची : विश्वेश्वरय्यांनी हे गणित कसं बदललं

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. शाळा-कॉलेजात फेटा बांधलेल्या विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडतो, धरणं बांधणारा मोठा इंजिनिअर एवढी ओळख सांगितली जाते आणि कार्यक्रम संपतो. त्यांचं दुसरं एक काम मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. रानात तयार होणाऱ्या मालावर जवळच्याच प्रयोगशाळेत संशोधन करायचं, त्या संशोधनातून जवळच कारखाना काढायचा आणि नफा राज्यातच ठेवायचा, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी म्हैसूर संस्थानात करून दाखवलं. त्यात त्यांना यश आलं, तसेच फटकेही बसले. हे दोन्ही कशामुळे झालं ते पाहिलं, तर राज्याची हद्द आणि स्थानिक सरकार या गोष्टींना किती वजन असतं ते कळतं.

शिकायला पुण्याला, नोकरी मुंबई सरकारात

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी मुद्देनहळ्ळी या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरात पुस्तकं भरपूर, पैसा मात्र बेताचा. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. मुलगा बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकला, शिकवण्या करून खर्च भागवला आणि १८८१ मध्ये बीए झाला.

पुढे इंजिनिअर व्हायचं होतं. म्हैसूर संस्थानात तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. संस्थानाने शिष्यवृत्ती दिली आणि विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यातल्या पुण्याला आले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आज तेच कॉलेज सीओईपी म्हणून ओळखलं जातं. १८८३ च्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले. गंमत बघा, शिष्यवृत्ती म्हैसूरची, पण मुलगा लागला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात. शिकण्याची सोय नसलेल्या मुलखाची हुशार पोरं अशीच बाहेर जातात. विश्वेश्वरय्यांना म्हैसूरला परत यायला पुढे पंचवीस वर्षं लागली.

खानदेशातला पहिला धडा

१८८४ मध्ये ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिक भागात रुजू झाले आणि लवकरच खानदेशात आले. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ मध्ये झाले. धुळ्याच्या पश्चिमेला, आजच्या साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ, पांझरा नदीतून पाणी पलीकडे नेण्यासाठी सायफन बांधायचं काम या तरुण इंजिनिअरकडे आलं. एका काठाचं पाणी नळातून नदीच्या तळाखालून न्यायचं आणि दुसऱ्या काठाला वर काढायचं. कागदावर हे सोपं दिसतं. पावसाळ्यात पांझरेला पूर आला की काय होतं, ते मात्र नदीकाठच्या माणसालाच विचारावं. त्यांनी ते काम पूर्ण केलं.

पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत जुनी आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, गावच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडात एकच पीक आणि पाणी ठरलेल्या पाळीने. गावकरी मिळून पाटाची डागडुजी करतात. पाण्याची वाटणी नीट व्हायची, तर सगळ्यांनी मिळून नियम पाळावे लागतात, हे या खोऱ्याला कॉलेजातून शिकावं लागलं नव्हतं.

नीरेचा पाट, खडकवासल्याची दारं

पुढे विश्वेश्वरय्यांनी सिंधमध्ये सक्कर शहराची पाणीयोजना केली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. मग पुणे भागात पाटबंधाऱ्यांचं काम आलं. नीरा कालव्यावर तेव्हा एक जुनंच दुखणं होतं. पाटाचं पाणी मिळतंय म्हटल्यावर जो तो ऊस लावायचा. ऊस विखुरलेला, पाणी लांब लांब जायचं, वाटेत मुरायचं, जमिनी चिबड व्हायच्या आणि मागच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पुरायचं नाही.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. पाण्याखालच्या जमिनीचे सलग गट पाडायचे, गटातल्या ठरावीक भागातच ऊस लावायचा, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची हंगामी पिकं घ्यायची आणि ऊसाची जागा पाळीपाळीने बदलायची. सुरुवातीला शेतकऱ्यांना शंका होत्याच. आपलं पाणी कापणार की काय, ही भीती तर प्रत्येक कालव्यावर असते. पण तेवढ्याच पाण्यात जास्त गावं भिजतात हे दिसल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत लागू झाली.

त्याच काळात, १९०३ मध्ये, खडकवासला धरणावर त्यांनी स्वतःहून उघडणारी आणि बंद होणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दार आपोआप उघडायचं आणि पाणी उतरलं की मिटायचं. भिंतीची उंची न वाढवता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं.

एवढं सगळं करूनही मुंबई सरकारात त्यांना वरची जागा मिळण्याची चिन्हं नव्हती. खात्याची सर्वांत वरची खुर्ची गोऱ्या साहेबांसाठी राखीव असल्यासारखीच होती. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादमध्ये मुसी नदीला भयंकर पूर आला आणि हजारो माणसं दगावली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. पूर अडवण्यासाठी शहराच्या वर जलाशय बांधायची योजना त्यांनी आखून दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातूनच पुढे उभे राहिले. नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. संस्थानाचा माणूस पंचवीस वर्षांनी संस्थानात परत आला.

बंगळुरूत संस्था आधीच आली होती

त्याच वर्षी बंगळुरूत एक मोठी संस्था स्थापन झाली होती. जमशेटजी टाटांना भारतात विज्ञान-संशोधनाची संस्था हवी होती आणि त्यासाठी त्यांनी आपल्या मुंबईतल्या मालमत्तेतला मोठा हिस्सा द्यायचं ठरवलं होतं. संस्था कुठे काढायची यावर बरीच वर्षं चर्चा चालली. अखेर बंगळुरूची निवड झाली. हवा चांगली हे एक कारण. दुसरं, तितकंच मोठं कारण म्हणजे म्हैसूर दरबाराने पुढे होऊन दिलेली सुमारे ३७१ एकर जमीन, बांधकामाला पैसा आणि दरसाल अनुदान. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली आणि १९११ पासून विद्यार्थी येऊ लागले. हीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. बंगळुरूचे लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात.

म्हणजे पैसा मुंबईच्या उद्योगपतीचा, जमीन म्हैसूरच्या राजाची आणि मंजुरी भारत सरकारची. तिघांच्या सह्या झाल्या तेव्हा काम झालं. मात्र संस्था आली म्हणून आसपासच्या गावांना लगेच काही मिळतं असं नाही. उंच कंपाउंडच्या आत परदेशी प्राध्यापक प्रयोग करतायत आणि बाहेरच्या शेतकऱ्याला त्याचा पत्ता नाही, असंही वर्षानुवर्षं चालू शकलं असतं. आतला प्रयोग आणि बाहेरचा माल यांची गाठ कुणीतरी घालावी लागते.

चंदनाचं तेल

१९१२ मध्ये महाराजा कृष्णराज वडियार यांनी विश्वेश्वरय्यांना दिवाण केलं. दिवाण म्हणजे संस्थानाचा मुख्य कारभारी, आजच्या मुख्यमंत्र्यासारखा. दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि म्हैसूरवर वेगळंच संकट आलं.

म्हैसूरच्या जंगलात चंदन उदंड. चंदनाचं झाड कुणाच्याही शेतात उगवलेलं असो, मालकी सरकारची, असा कडक नियम होता. दरसाल लाकडाचा लिलाव व्हायचा आणि त्यातून तिजोरीत चांगली भर पडायची. यातलं बरंच लाकूड जर्मनीला जायचं. तेल तिकडे काढलं जायचं, अत्तर, साबण आणि औषधांत वापरलं जायचं आणि खरा नफा तिकडेच राहायचा. १९१४ मध्ये जर्मनी शत्रुराष्ट्र झालं, समुद्रमार्ग बंद पडला आणि लिलावाला गिऱ्हाईक उरलं नाही. तोडलेलं लाकूड पडून राहिलं.

कांद्याचा भाव पडल्यावर चाळीत माल घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की इथे माल सरकारचा होता, आणि सरकारच्या हाताशी दोन-चार मैलांवर प्रयोगशाळा होती.

टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सडबरो आणि वॉटसन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. चंदनाच्या गाभ्याचा आणि मुळांचा भुगा करायचा, त्यातून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची आणि पाण्यापासून तेल वेगळं करायचं. तत्त्व सोपं, पण तेल शुद्ध निघायला हवं, सारखं निघायला हवं आणि परवडायलाही हवं. या प्राध्यापकांनी ती पद्धत प्रयोगशाळेत बसवून दिली. संस्थानाच्या उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटरटन यांनी धंद्याची बाजू धरली. विश्वेश्वरय्यांच्या सरकारने पैसा दिला आणि लाकूड तर सरकारचंच होतं. १९१६ मध्ये बंगळुरूत तेलाचा कारखाना सुरू झाला, पुढच्याच वर्षी म्हैसूर शहरात दुसरा. आतापर्यंत लाकूड विकणारं संस्थान आता तेल विकू लागलं.

मग तेलाच्या पुढची पायरी आली. साबण करायचं ठरलं आणि एस. जी. शास्त्री या तरुण रसायनतज्ज्ञाला शिकायला इंग्लंडला पाठवलं गेलं. १९१८ च्या सुमारास सरकारी कारखान्यातला चंदनाचा साबण बाजारात आला. किराणा दुकानात आजही मिळतो तो म्हैसूर सँडल सोप हाच.

महायुद्ध सुरू झाल्यापासून चार-पाच वर्षांत हे सगळं उभं राहिलं. कारण साधं आहे. कच्चा माल, प्रयोगशाळा, पैसा आणि निर्णय घेणारा माणूस, हे चारही एकाच हद्दीत होते. फाईल दिल्लीला पाठवून उत्तराची वाट बघायची नव्हती.

तालुक्यापर्यंत गेलेली चर्चा

विश्वेश्वरय्यांचा भर फक्त कारखान्यांवर नव्हता. मुख्य अभियंता असतानाच, १९११ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने म्हैसूर आर्थिक परिषद सुरू झाली होती. शेती, शिक्षण, उद्योग-व्यापार अशा तिच्या समित्या होत्या. त्या राजधानीत बसून राहिल्या नाहीत. जिल्हा आणि तालुका पातळीवरही प्रगती समित्या नेमल्या गेल्या. कोणत्या तालुक्यात काय पिकतं, कोणता हातधंदा मोडकळीला आलाय, कुठे शाळा हवी, याची माहिती गोळा व्हायची आणि वर जायची.

त्याच्याच जोडीला बाकीची साखळी तयार झाली. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर निघाली, म्हणजे धंद्याला कर्जाची सोय झाली. त्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं. संस्थानी मुलखात निघालेलं हे पहिलं विद्यापीठ. त्याआधी म्हैसूरच्या कॉलेजांना मद्रास विद्यापीठाच्या परीक्षांवर अवलंबून राहावं लागायचं. काय शिकवायचं ते मद्रासला ठरायचं. १९१७ मध्ये बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. ज्या सोयीसाठी विश्वेश्वरय्यांना पुणं गाठावं लागलं होतं, ती सोय पुढच्या पिढीला घरच्या घरी मिळाली. १९१८ मध्ये स्थानिक मंडळं आणि गाव पंचायतींचा कायदाही झाला.

शाळा, कॉलेज, बँक, प्रयोगशाळा, कारखाना आणि पंचायत. ही माळ एका सरकारने एका मुलखात ओवली.

हद्दीवर अडलेलं पाणी

पण नदीला हद्द कळत नाही. कावेरी म्हैसूरातून मद्रास इलाख्यात जाते. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडायची. कण्णंबाडीजवळ मोठं धरण बांधलं तर विजेला पाणी पुरेल आणि मंड्या भागातली कोरडवाहू जमीनही भिजेल, असा विश्वेश्वरय्यांचा आराखडा होता.

मद्रासने आक्षेप घेतला. १८९२ च्या करारानुसार म्हैसूरला कावेरीवर नवं धरण बांधायला मद्रासची संमती लागत होती. मद्रासचीही स्वतःची धरणाची योजना होती. १९११ मध्ये काम सुरू झालं, पण परवानगी कमी साठ्याचीच मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीचं धरण पेलेल असा घातला. उद्या परवानगी मिळाली तर पाया परत कोण खणणार? लवाद बसला, निकाल लागला, त्यावर अपील झालं आणि १९२४ मध्ये करार झाला. तेच आजचं कृष्णराजसागर.

या धरणाने मंड्याचं रूप पालटलं. त्याखाली गावंही बुडाली आणि लोकांना घरदार सोडावं लागलं, हेही त्या कहाणीत धरलं पाहिजे. कावेरीचं भांडण तर मिटलंच नाही. लवादाचा निकाल २००७ मध्ये आला, सुप्रीम कोर्टाचा २०१८ मध्ये. म्हैसूरच्या हद्दीतलं काम विश्वेश्वरय्यांनी झपाट्याने केलं, पण हद्दीपलीकडच्या सरकारची सही लागली तिथे त्यांचीही गाडी अडली.

जागा कुणाला?

१९१८ मध्ये दिवाणपद सोडण्यामागे एक मोठा मतभेद होता. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मण समाजाचं वर्चस्व होतं. बाकीच्या समाजांनी जागा मागितल्या. महाराजांनी त्यासाठी मिलर समिती नेमली. नोकऱ्या फक्त गुणवत्तेवर द्याव्यात, असं विश्वेश्वरय्यांचं मत होतं. राखीव जागा त्यांना मान्य नव्हत्या. महाराजांचा कल दुसऱ्या बाजूला होता आणि दिवाण बाजूला झाले.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. विद्यापीठ काढलं, कारखाना काढला, पण त्यात शिरायची वाट कुणाला मोकळी आहे, हा प्रश्न शाहू महाराजांनी आधी ओळखला. विश्वेश्वरय्यांच्या कामाची ही उणी बाजू. त्यांचं मोठेपण सांगताना ती झाकायचं कारण नाही.

भद्रावतीचा धडा

दिवाणपद गेलं तरी काम सुटलं नाही. शिमोग्याजवळ भद्रावतीला लोखंडाचा कारखाना काढायचं त्यांच्याच काळात ठरलं होतं. डोंगरात लोहखनिज होतं, पण दगडी कोळसा जवळपास नव्हता. म्हणून जंगलातल्या लाकडाचा कोळसा करून भट्टी चालवायची आणि कोळसा करताना निघणाऱ्या धुरापासून रसायनंही मिळवायची, अशी योजना होती. भट्टी १९२३ मध्ये पेटली. तोवर महायुद्ध संपून लोखंडाचा भाव कोसळला होता. कारखाना तोट्यात गेला आणि लोक विश्वेश्वरय्यांच्या नावाने बोटं मोडू लागले.

त्यांनी कारखान्याच्या मंडळाचं अध्यक्षपद घेतलं, उधळपट्टी थांबवली, परदेशी माणसांच्या जागी इथले लोक तयार केले आणि काही वर्षांत कारखाना सावरला. या कामाचं मानधन स्वतःसाठी न घेता त्यांनी ते तंत्रशिक्षणाची संस्था काढायला द्यायला लावलं. बंगळुरूत ती संस्था निघाली, तेव्हा स्वतःचं नाव न देता म्हैसूरच्या राजघराण्यातलं जयचामराजेंद्र हे नाव तिला दिलं.

चंदनाच्या धंद्यात म्हैसूरला फारसे स्पर्धक नव्हते. लोखंडात मात्र भाव जगाच्या बाजारात ठरायचे, आयातीवरचा कर भारत सरकार ठरवायचं आणि रेल्वेचे दरही संस्थानाच्या हातात नव्हते. एकाच राज्याच्या जोरावर किती दूर जाता येतं, त्याचीही मर्यादा भद्रावतीने दाखवली.

मुंबई इलाख्यात काय झालं

१९२१ मध्ये मुंबई सरकारने तंत्रशिक्षण आणि औद्योगिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली आणि विश्वेश्वरय्यांना अध्यक्ष केलं. ज्या सरकारने त्यांना वरची खुर्ची दिली नव्हती, तेच आता सल्ला विचारत होतं. समितीत फूट पडली. इलाख्यात तंत्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर वाढवावं असं भारतीय सभासदांचं मत होतं. युरोपीय सभासदांना ते पटलं नाही. मुंबईत गिरण्या होत्या, पैसा होता, विद्यापीठ होतं. पण सरकारचं मन एक नव्हतं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू व्हायला १९३३ उजाडलं.

म्हैसूर त्या मानाने लहान आणि गरीब. तरी तिथे चंदनाचा कारखाना आधी उभा राहिला.

मोटार अडली, विमान उडालं

साठी-सत्तरी उलटल्यावरही विश्वेश्वरय्या स्वस्थ बसले नाहीत. १९३४ मध्ये त्यांनी भारताच्या नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. भारतात मोटारगाड्या तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने फिरून पाहिले आणि योजना लिहून काढली. सोलापूरचे वालचंद हिराचंद या कामात त्यांच्याबरोबर होते. नीरा खोऱ्यात वालचंदनगर उभं करणारे हेच वालचंद. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होतं, पण ब्रिटिश भारत सरकारने साथ दिली नाही आणि म्हैसूरात मोटारीचा कारखाना झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने परत एक दार उघडलं. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळुरूत विमानाचा कारखाना स्थापन केला. संस्थानाने जमीन दिली, भागभांडवल घातलं. आज तो हिंदुस्तान एअरोनॉटिक्स म्हणून देश ओळखतो. त्यानंतर दोन वर्षांत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला. चंदनाच्या वेळी प्रयोगशाळा आधी होती, कारखाना नंतर आला. विमानाच्या वेळी कारखाना आधी आला आणि त्याच्या गरजेतून संशोधनाचा विभाग निघाला. तोवर संस्थानाचा कारभार दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या हातात होता. म्हणजे माणूस बदलला तरी पडलेली वाट चालू राहिली.

१९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळालं. शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. मुद्देनहळ्ळीला त्यांची समाधी आहे.

पाडेगावचा ऊस आणि आजचा हिशेब

ही कहाणी फक्त कर्नाटकाची नाही. ज्या नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली, त्याच पट्ट्यात १९३२ मध्ये पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं. पुढे त्या भागात खासगी आणि सहकारी साखर कारखाने झाले. पाट आधी, मग संशोधन केंद्र, मग कारखाने. आज शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली ८६०३२ ही ऊसाची जात तमिळनाडूतल्या कोइमतूरच्या केंद्रात तयार झाली आणि महाराष्ट्राच्या मातीत पाडेगावने पारखून दिली. इथे राज्याची हद्द आडवी आली नाही, कारण दोन्हीकडे केंद्रं होती आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं होतं.

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठं चार आहेत आणि चारही विभागवार वाटलेली: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. धुळे, नंदुरबार, जळगावचा शेतकरी राहुरीच्या कक्षेत येतो. विभागाच्या मातीप्रमाणे संशोधन व्हावं हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण कापूस, केळी, कांदा, मिरची ही पिकं विद्यापीठाची हद्द बघून लागवड होत नाहीत. एकाच पिकावर दोन विद्यापीठांनी वेगवेगळं काम करायचं आणि कारखाना तिसऱ्याच जिल्ह्यात, असं झालं की मधल्या मधे माल कच्चाच बाहेर जातो. म्हैसूरचं चंदन जायचं, तसाच.

विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. त्यांनी चंदनाचं एकही नवं झाड शोधून काढलं नव्हतं. झाडं रानात होती, प्राध्यापक प्रयोगशाळेत होते, पैसा तिजोरीत होता. त्या तिघांना एका टेबलाशी बसवायचं काम सरकारचं होतं आणि त्या सरकारने ते केलं. ग्रामसभेत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत मत मागायला येणाऱ्यांना विचारण्यासारखा प्रश्नही यातूनच निघतो: आपल्या तालुक्याचा माल कच्चा बाहेर जातोय, तो इथेच पक्का व्हावा म्हणून विद्यापीठाशी आणि कारखानदाराशी शेवटचं कधी बोलणं झालं?